प्रागैतिहासिक अस्थींवरील शस्त्राघात : शल्यतंत्राच्या दृष्टीतून एक विचार

‘शल्य’ या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या नित्याच्या व्यवहारात काहीसा मागे पडला आहे. आज शल्य म्हटले की शस्त्रक्रियागृह, क्षारसूत्र, अर्श आणि भगंदर हेच प्रथम डोळ्यांपुढे येते. सुश्रुताचार्यांनी मात्र सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात हा शब्द शीघ्रगतीच्या ‘शल्’ धातूपासून साधला असून, शरीरास व मनास पीडा देणारी जी जी वस्तू ती शल्य, अशी व्यापक व्याख्या केली आहे. शल्याचे शारीर आणि आगंतू असे दोन प्रकार सांगून त्यांनी आगंतू शल्यांत लोहाच्या शल्याला आणि त्यातही बाणाला प्राधान्य दिले आहे. म्हणजे ज्या तंत्राचे आपण अनुयायी म्हणवतो, त्या तंत्राच्या नावातच शरीरात रुतलेला बाण आहे.

हा बाण माणसाच्या शरीरात प्रथम केव्हा रुतला, आणि तो रुतल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे संहितांच्या पलीकडे, जमिनीखालच्या अस्थींत शोधावी लागतात. प्राचीन अस्थींचा अभ्यास करणारे शास्त्र गेल्या काही दशकांत फार पुढे गेले आहे. त्या शास्त्राने उजेडात आणलेले शस्त्राघातांचे पुरावे वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावेत, आणि ते आपल्या शल्यतंत्राच्या भाषेत कसे वाचता येतील हे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमच्या मते या पुराव्यांतून निघणारा बोध असा, की घाव ओळखणे जितके महत्त्वाचे तितकेच, जो घाव नाही त्याला घाव न म्हणणेही महत्त्वाचे आहे.

अस्थी काय सांगतात, काय सांगत नाहीत

त्वचा, मांस, स्नायू, सिरा हे सारे मृत्यूनंतर लवकर नाश पावते. टिकतात त्या अस्थी आणि दात. त्यामुळे ज्या शस्त्राने केवळ उदर भेदले किंवा कंठ छेदला, त्याची नोंद पुष्कळदा कोठेच राहत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सैनिकी वैद्यांनी बाणांच्या जखमांच्या ज्या नोंदी ठेवल्या, त्यांच्या आधारे अभ्यासकांनी असा अंदाज केला आहे की शरीरात शिरणाऱ्या सुमारे तीन बाणांपैकी एकच बाण अस्थीला लागतो. अर्थात अस्थींवर दिसणारे घाव हे प्रत्यक्ष झालेल्या घावांपेक्षा नेहमीच कमी असतात.

अस्थीवर जी मोडतोड दिसते तिचे काळाच्या दृष्टीने तीन वर्ग केले जातात. पहिला वर्ग मृत्यूच्या बऱ्याच आधीच्या आघातांचा. यात अस्थीच्या कडा गोलसर होतात, नवीन अस्थी तयार होते, भग्न सांधल्याचा उंचवटा दिसतो. दुसरा वर्ग मृत्यूच्या सुमारास झालेल्या आघातांचा. त्या वेळी अस्थीत ओलावा व लवचिकता असते, म्हणून ती तिरकस व गुळगुळीत कडांनी फुटते, आघाताच्या जागेपासून तडे दूरवर पसरतात, पण भरून येण्याचे कोणतेही चिन्ह आढळत नाही. तिसरा वर्ग मृत्यूनंतरच्या मोडतोडीचा. मातीचा दाब, झाडांची मुळे, उंदीर-साळिंदरांचे दात, नांगराचा फाळ आणि प्रसंगी उत्खनन करणाऱ्याची कुदळसुद्धा अस्थी मोडते. वाळलेली अस्थी काटकोनात, खडबडीत कडांनी तुटते आणि तुटलेल्या जागेचा रंग भोवतालच्या जुन्या पृष्ठभागापेक्षा फिका दिसतो.

वैद्याला हा विवेक अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात भग्नाचे वर्णन करताना अस्थीच्या जातीनुसार भग्नाचे रूप बदलते हे स्पष्ट केले आहे. तरुणास्थी वाकतात, नलकास्थी मोडतात, कपालास्थी भेदल्या जातात आणि रुचक म्हणजे दात फुटतात. कांडभग्नाचे कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित, पिच्चित, अस्थिच्छल्लित, मज्जानुगत, पाटित, स्फुटित इत्यादी बारा प्रकार आणि सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार हे आघाताच्या साधनाकडे आणि त्याच्या दिशेकडे बोट दाखवणारे आहेत. धारदार शस्त्राने छिन्न, अणकुचीदार शस्त्राने विद्ध, गदेसारख्या बोथट साधनाने किंवा भाराने पिच्चित. आधुनिक अस्थितज्ज्ञ तीक्ष्णाघात, वेधाघात आणि बोथट आघात असे जे तीन मुख्य भेद करतात, त्यांच्याशी हे वर्गीकरण जुळते.

आघात दिसला म्हणजे शत्रू दिसला असे नाही

या ठिकाणी आपल्या जिल्ह्यातील वैद्यांना एका दारुण अनुभवाचे स्मरण होईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीबरोबर आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि मातीच्या थरांनी जड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली व हजारो लोक मृत्युमुखी पडले. चूर्णित आणि पिच्चित भग्ने, फुटलेली कपाले, दबलेल्या फासळ्या हे सारे त्या काळात जखमींची सेवा करणाऱ्यांनी पाहिले.

समजा, अशा एखाद्या गावाचे अवशेष तीन हजार वर्षांनी कोणी उकरले आणि गल्लीत, घरात अस्ताव्यस्त पडलेले भग्न सांगाडे त्याला सापडले, तर तो काय म्हणेल? येथे कत्तल झाली, असे म्हणण्याचा मोह त्याला होईल. ही कल्पना आम्ही उगाच रंगवत नाही. मोहेंजोदडो येथे अगदी असेच घडले आहे.

मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत, घरांत व वाटांवर, विधिपूर्वक दफन न झालेले काही डझन सांगाडे सापडले होते. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी त्यांवरून आक्रमकांनी केलेल्या शेवटच्या कत्तलीचे चित्र उभे केले आणि ऋग्वेदातील पुरंदर इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पुढे १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिले की हे सांगाडे एकाच काळाचे नाहीत, शहराच्या अखेरच्या एका दिवसाचे तर नाहीतच, आणि त्यांच्याभोवती युद्धाची चिन्हेही नाहीत. त्यानंतर केनेथ केनेडी यांनी प्रत्यक्ष अस्थी तपासल्या. त्यांना शस्त्राच्या घावाचा पुरावा अगदी अपवादानेच आढळला. उलट काही कवट्यांवर पांडुतेशी संबंधित अशी सच्छिद्रता आढळली व हिवतापासारख्या रोगाकडे लक्ष वेधले गेले. ज्यांना शस्त्राने मारले असे दोन पिढ्यांनी वाचले, त्यांच्या अस्थींवर शस्त्राचे लिखाण जवळजवळ नव्हतेच. असे असूनही कत्तलीची ती कथा अजून काही पुस्तकांतून व भाषणांतून फिरत असते.

जेथे शस्त्र खरोखर बोलते

याचा अर्थ प्राचीन मानव शांततेत नांदत होता असा मुळीच नाही. स्पेनमधील अतापुएर्का येथील एका खोल विवरात सापडलेल्या सुमारे ४,३०,००० वर्षांपूर्वीच्या एका कवटीवर डाव्या डोळ्याच्या वर दोन भेद आहेत. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही भेदांची रूपरेषा जवळपास सारखी, दिशा मात्र वेगळ्या, आणि भरून येण्याचे चिन्ह नाही. एकाच साधनाचे दोन प्रहार, हा निष्कर्ष त्यातून निघाला. दगडावर एकदा पडल्याने असे दोन सारखे भेद होत नाहीत.

सुदानमध्ये नाईलच्या काठी जेबेल सहाबा येथील दफनभूमी १९६० च्या दशकात फ्रेड वेंडॉर्फ यांनी उकरली. तेथील ६१ व्यक्तींच्या अस्थी इझाबेल क्रेव्हकर व सहकाऱ्यांनी पुन्हा तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. किमान १३,४०० वर्षे जुन्या अशा या ६१ पैकी ४१ व्यक्तींच्या अस्थींवर आघात आढळले. काही अस्थींत गारगोटीच्या पात्यांचे तुकडे रुतलेले होते. स्त्रिया, पुरुष, मुले असा भेद नव्हता. विशेष म्हणजे एकाच व्यक्तीच्या शरीरावर भरून आलेले जुने घाव आणि मृत्यूसमयीचे नवे घाव, असे दोन्ही अनेकदा आढळले. त्यावरून पूर्वीचे ‘एका युद्धाचे स्मशान’ हे मत मागे पडले आणि वर्षानुवर्षे होत राहिलेल्या चकमकींचे चित्र पुढे आले. घाव भरला आहे की नाही, या एका वैद्यकीय निरीक्षणाने इतिहासाचा अर्थ बदलला.

केनियातील तुर्काना सरोवराजवळच्या नातारुक येथील सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या २७ व्यक्तींचा अभ्यास २०१६ मध्ये आला. तुलनेने पूर्ण राहिलेल्या १२ सांगाड्यांपैकी १० जणांवर हिंसेची चिन्हे असल्याचे त्यात म्हटले होते. एका कवटीत तर काळ्या ज्वालामुखी काचेचे पाते होते. त्याच वर्षी अन्य अभ्यासकांनी आक्षेप घेतला की कवट्यांवरील काही तडे मातीच्या दाबाने नंतर पडलेले असू शकतात. मूळ संशोधकांनी त्यास उत्तर दिले. हा वाद आम्हास उद्‌बोधक वाटतो. मृत्यूसमयी की मृत्यूनंतर, हा प्रश्न तज्ज्ञांनाही सहज सुटत नाही.

सर्वांत बोलका दाखला मात्र आल्प्स पर्वतातील हिममानवाचा आहे. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे हे शरीर १९९१ मध्ये बर्फात सापडले. दहा वर्षे त्याची बहुविध तपासणी झाली आणि थंडीने मृत्यू यांसारखे तर्क झाले. २००१ साली क्ष-किरण चित्रात त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र दिसले. पुढील तपासणीत त्या बाणाने खांद्याजवळील मोठी धमनी फाडल्याचे दिसून आले. सुश्रुताचार्यांनी एका संपूर्ण अध्यायाला ‘प्रनष्टशल्यविज्ञानीय’ असे नाव का दिले असावे, हे यावरून ध्यानी यावे. शल्य शरीरात आहे, पण दिसत नाही. मग त्याचा ठाव कसा घ्यावा? अस्थीत दडलेल्या शल्यासाठी त्यांनी स्नेहन-स्वेदन करून, बांधून व दाबून पाहण्यास सांगितले असून, जेथे वेदना किंवा संरंभ उत्पन्न होईल तेथे शल्य जाणावे असे म्हटले आहे. क्ष-किरणांपूर्वीच्या वैद्याजवळ रुग्णाची वेदना हेच चित्र होते.

भारतातील मध्याश्मयुगीन पुराव्यांत उत्तर प्रदेशातील प्रतापगढ जिल्ह्यातील सराय नाहर राय हे स्थळ महत्त्वाचे आहे. अलाहाबाद विद्यापीठाचे गो. रा. शर्मा यांनी १९७० च्या दशकात तेथे उत्खनन केले. तेथील एका मानवी अस्थीत सूक्ष्म पाषाणास्त्र रुतलेले आढळले. गंगेच्या खोऱ्यातील त्या शिकारी माणसाच्या शरीरात शिरलेला तो दगडी काटा हे शब्दशः ‘अस्थिगत शल्य’ होय. हडप्पा येथील अस्थींचा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शुग व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की कवटीवरील आघात सर्वांच्या वाट्याला सारखे आले नव्हते. कोणत्या दफनभूमीतील माणसे, स्त्री की पुरुष, यांनुसार त्यांचे प्रमाण बदलत होते. शांत नगर म्हणून गौरवलेल्या समाजातही मार खाणारे वेगळे होते.

महाराष्ट्रातील अस्थी : घाव कोणाचा?

आता आपल्या मातीकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर नगर सातवाहन काळामुळे प्रसिद्ध आहे, पण त्याचा वैभवकाळ इतिहासकाळात मोडतो. दख्खनच्या इतिहासपूर्व माणसाच्या अस्थी पाहायच्या तर नेवासे, दायमाबाद आणि विशेषतः पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी असलेले इनामगाव, येथे जावे लागते. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून बारा-तेरा हंगाम इनामगावचे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची असून दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवून ती घराच्या जमिनीखाली पुरलेली होती.

प्रौढांच्या दफनांत मात्र एक विलक्षण गोष्ट आढळली. घोट्याखालचे पाय बहुधा नसत. पाय तोडलेला सांगाडा पाहून प्रथम शस्त्र आणि शत्रू हेच आठवावेत. परंतु ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, घराच्या आत, नीट ठेवलेल्या प्रेतांबाबत आढळते. मृत व्यक्तीने घर सोडून जाऊ नये, किंवा भूत होऊन हिंडू नये, या समजुतीने पाय वेगळे केले जात असावेत, असे उत्खनकांनी सुचवले. म्हणजे येथे छेद आहे, छेदासाठी हत्यारही असणार, तरी शस्त्राघात नाही. तो मृत्यूनंतर आप्तांनी केलेला संस्कार आहे. त्याच गावात पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक प्रौढ पुरुष मिळाला आणि त्याचे पाय मात्र शाबूत होते. छेदाचा नियम होता आणि त्याला अपवादही होता, म्हणजेच त्यामागे समाजाची रीत होती.

या लोकांपाशी शस्त्रे नव्हती असे नव्हे. चांडोली येथे तांब्याची कट्यार मिळाली आहे, गोफणीचे गोळे अनेक स्थळी मिळतात, इनामगावाभोवती तटबंदी व खंदक होता. तरी तेथील अस्थींच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आली ती शस्त्रांची खूण नव्हे. जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी दात व अस्थी तपासले. पुढे रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील मुलांच्या अस्थींचा अभ्यास २०११ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. इनामगावच्या अखेरच्या काळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, असे त्यात दिसते. दख्खनच्या या मुलांच्या अस्थींवर लिहिलेला घाव उपासमारीचा आणि आजारपणाचा आहे. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील वैद्यांना हे वाचताना वेगळे भाष्य लागू नये. शस्त्राची खूण शोधणाऱ्या डोळ्यांना अस्थिक्षयाची खूणही दिसली पाहिजे.

भरून आलेला घाव

शस्त्राघाताचा पुरावा हा माणसाने माणसाला मारल्याचा पुरावा असतो. पण भरून आलेला घाव हा माणसाने माणसाला जगवल्याचा पुरावा असतो. मांडीचे नलकास्थी मोडलेला माणूस अनेक आठवडे स्वतःहून शिकार करू शकत नाही, पाणी आणू शकत नाही. तो जगला, तर कोणीतरी त्याला खाऊ घातले, कोणीतरी त्याचा पाय स्थिर ठेवला.

काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन कवटीवर अनेक भोके पाडलेली आहेत. ती शस्त्राघाताने झालेली नसून कवटीला हेतुपूर्वक पाडलेली आहेत, असा निर्वाळा त्यांच्या आकारावरून व मांडणीवरून दिला गेला. हडप्पा येथील सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीची एक कवटी तर अधिकच विचार करायला लावते. अनेकराम सांख्यान व रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तिचे वर्णन केले. तिच्यावर धारदार साधनाच्या जोरदार आघाताची रेषा आहे, आणि शिवाय कवटीला पाडलेले एक भोक आहे. भोकाच्या कडेला नवी अस्थी आलेली आहे, म्हणजे तो माणूस त्यानंतरही काही काळ जगला. त्या संशोधकांचा निष्कर्ष मानायचा, तर एकाच कवटीवर प्रहार करणारा हात आणि उपचार करणारा हात, दोघांच्याही खुणा आहेत.

सुश्रुतसंहितेतील शल्यापनयनाचा विचार या दीर्घ परंपरेच्या फार पुढच्या टप्प्यावरचा आहे, हे आम्ही जाणतो. हडप्पाच्या त्या अनाम उपचारकापासून सुश्रुतापर्यंत अखंड गुरुशिष्य परंपरा होती असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसा दावा करण्याची आवश्यकताही नाही. तथापि संहितेतील वर्णने प्रत्यक्षानुभवाची आहेत हे जाणवते. अस्थीत घट्ट बसलेले शल्य पायांचा रेटा देऊन यंत्राने ओढावे. न निघाल्यास धनुष्याच्या दोरीने बांधून घोड्याच्या लगामाला किंवा वाकवलेल्या झाडाच्या फांदीला जोडून उपसावे, असे तेथे सांगितले आहे. हे वाचून हसू येईल, पण अस्थीत रुतलेले बाणाग्र काढणे किती कठीण असते हे ज्याने पाहिले त्यानेच हे लिहिले आहे. त्याबरोबरच शंखप्रदेशावरील दोन उत्क्षेप आणि भ्रूमध्यातील स्थपनी या विशल्यघ्न मर्मांतील शल्य मात्र काढू नये, ते आत असेपर्यंतच रुग्ण जगतो, हा संयमही त्याच ग्रंथाने शिकवला आहे.

आपले कर्तव्य

आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या मांजरेच्या खोऱ्यातील गाळथरांत हत्ती, पाणघोडे अशा प्राण्यांचे जीवाश्म मिळालेले आहेत. तेर्णा-मांजरेच्या काठी विहिरी, शेततळी, रस्ते यांची खोदकामे सतत चालू असतात. अशा वेळी अस्थी वर आल्या की त्या भीतीपोटी फेकून देण्यात येतात किंवा पुण्यबुद्धीने नदीत विसर्जित केल्या जातात. गावातील वैद्य हा पुष्कळदा पहिला सुशिक्षित साक्षीदार असतो. त्याने चार गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो. अस्थी मानवी असल्याचा संशय येताच काम थांबवून पोलीस व तहसील कार्यालयास कळवावे, कारण ती अस्थी अलीकडची आहे की प्राचीन, हे ठरवणे आपले काम नव्हे. अस्थी उचलण्यापूर्वी जागेचे छायाचित्र घ्यावे व खोली मोजावी. अस्थी धुऊ नये, घासू नये, तिला तेल किंवा डिंक लावू नये. कडांचा रंग आणि चिकटलेली माती हाच पुरावा असतो. आणि अस्थी प्राचीन असल्याचे दिसल्यास राज्य पुरातत्त्व विभागास किंवा तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयास माहिती द्यावी.

एवढे करून, शेवटी जिभेवर आवर ठेवावा. ‘येथे लढाई झाली होती’ हे वाक्य गावात फार लवकर पसरते आणि पुढे कोणाच्या तरी विरुद्ध वापरले जाते. मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवर लादलेली कत्तल पुसून काढायला काही दशके लागली. आपण शल्यतंत्राचे विद्यार्थी आहोत. आधी दर्शन, मग स्पर्शन, मग प्रश्न, आणि त्यानंतरच निदान, हा क्रम जिवंत रुग्णापुढे पाळतो तसाच तो त्या मुक्या अस्थीपुढेही पाळावा.